रोटाव्हेटरवर सीई खूण: युरोपला पहिलं मशिन पाठवण्याआधी

युरोपातून पहिली चौकशी येते तेव्हा किमतीच्याही आधी एक प्रश्न असतो: मशिनला सीई आहे का, म्हणजे ते युरोपीय संघाच्या कायद्यात बसतं असं सांगणारी खूण त्यावर आहे का? आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे, "लावून देऊ की, स्टिकरच तर आहे." हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे आणि नंतरचे आठ महिने ते निस्तरलंही आहे. आज ज्यांच्याकडे तशी मेल येऊन पडली असेल, त्यांच्यासाठी सगळा क्रम लिहून ठेवतो. उदाहरणाला ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर घेतलाय, कारण तो मला आतून-बाहेरून माहीत आहे. तुमचं श्रेडर असो, फवारणी यंत्र असो की झाडाच्या फांद्या बारीक करणारा चिपर, वाट तीच आहे. फक्त मानकांचे नंबर बदलतात.

सीई देतं कोण?

आयएसआयच्या सवयीमुळे इथे पहिला घोटाळा होतो. आयएसआयसाठी भारतीय मानक ब्युरोकडे अर्ज करायचा, कारखान्याची तपासणी, नमुन्याची चाचणी, मग लायसन्स. सीईचं तसं नाही. बहुतेक शेतीयंत्रांना युरोपातलं कुठलंच सरकारी खातं सीई देत नाही. उत्पादकानेच मशिन तपासायचं, उत्पादकानेच फाइल करायची, सही करायची आणि खूण लावायची. ऐकायला सोपं वाटतं. पण उद्या फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात कुणाचा हात गेला, तर कागदावर सही तुमची असते.

"सात दिवसांत सीई सर्टिफिकेट" अशा जाहिराती येतात, त्या या गैरसमजावर चालतात. पैसे भरले की रंगीत कागद मिळतो, फ्रेम करून ऑफिसात लावताही येतो. रोटाव्हेटरसाठी कायद्यात मात्र त्याला जागा नाही. ज्या थोड्या यंत्रांना बाहेरच्या संस्थेची तपासणी लागते, त्यांच्यासाठी युरोपीय देशांनी नेमलेल्या अधिसूचित संस्था आहेत. प्रत्येकीला चार आकडी क्रमांक असतो आणि नँडो नावाच्या सरकारी यादीत तो शोधता येतो. कुणी सर्टिफिकेट विकायला आला तर आधी तो क्रमांक मागा, आणि ती संस्था यंत्रांसाठीच नेमलेली आहे का ते पाहा. खेळण्यांसाठी नेमलेली संस्था तुमच्या गिअरबॉक्सबद्दल बोलू शकत नाही.

मशिन कुठल्या खान्यात बसतं

सध्या लागू आहे तो युरोपीय संघाचा यंत्रांबद्दलचा कायदा, म्हणजे निर्देश २००६/४२/ईसी, २९ डिसेंबर २००९ पासून. त्याची जागा नियमन २०२३/१२३० घेणार आहे आणि ते २० जानेवारी २०२७ पासून लागू होईल. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ट्रॅक्टर स्वतः या निर्देशात येत नाही. त्याला १६७/२०१३ हे वेगळं नियमन आणि वेगळी मंजुरी आहे. पण ट्रॅक्टरला मागून जोडायचं अवजार येतं. कायद्याच्या भाषेत ते 'अदलाबदल करता येणारं उपकरण': चालवणारा स्वतः जोडतो आणि ट्रॅक्टरला नवं काम मिळतं. म्हणजे रोटाव्हेटर आला, नांगरही आला. रोटाव्हेटरची सुटी पाती मात्र आली नाहीत, कारण पातं हे नुसतं हत्यार. सुट्या पात्यांच्या खोक्यावर सीई छापलेलं मी पाहिलं आहे. ज्याला कळतं त्याला ते पाहून बाकीच्या कागदांवरही शंका येते.

दुसऱ्या यंत्रात बसवल्याशिवाय ज्याचा उपयोगच नाही असा अर्धवट संच पाठवत असाल, तर त्यालाही सीई लावायचं नाही. त्यासाठी समावेशनाचं वेगळं घोषणापत्र असतं.

मग निर्देशाचं चौथं परिशिष्ट उघडा. जास्त धोक्याच्या यंत्रांची यादी तिथे आहे. शेती-जंगलवाल्यांनी त्यात दोन नोंदी पाहायच्या: लाकूड कापायची हातातली चेन सॉ, आणि ट्रॅक्टर ते अवजार जोडणारा पीटीओ शाफ्ट त्याच्या गार्डसकट. रोटाव्हेटर या यादीत नाही, शाफ्ट आहे. चेन सॉवाल्यांना आवाजाचा निर्देश २०००/१४/ईसी देखील पाळावा लागतो आणि हमीची ध्वनिशक्ती डेसिबलमध्ये मशिनवर लिहावी लागते. फवारणी यंत्रवाल्यांना पर्यावरणाच्या जादा अटी आहेत. त्या खोलात इथे जात नाही.

धोक्यांची यादी: खरं काम हेच

फाइल बनवणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं, असं समजून बरेच जण मशिन पूर्ण करतात आणि मग कुणाला तरी बसवून धोक्यांचा तक्ता भरून घेतात. वरातीमागून घोडं. तक्त्यात सगळे धोके 'स्वीकारार्ह' निघतात, कारण मशिन आता बदलायचं नसतं.

पद्धत आयएसओ १२१०० मध्ये दिली आहे आणि ती साध्या अकलेची आहे. मशिन आणण्यापासून भंगारात जाईपर्यंत त्याच्याशी माणसाचा कुठे कुठे संबंध येतो ते लिहा. प्रत्येक ठिकाणी विचारा: इजा किती मोठी, संबंध किती वेळा, घटना घडण्याची शक्यता किती, आणि सुटका करून घेता येते का. मग उपाय याच क्रमाने: आधी रचनाच अशी बदला की धोका उरणार नाही. ते जमत नसेल तर गार्ड. तरीही जे उरेल त्यासाठी सूचना आणि चिन्ह. पहिले दोन उपाय टाळून थेट 'हात घालू नये' असं लिहून मोकळं होता येत नाही. आपल्याकडे नेमकं तेच केलं जातं.

ऑफिसात बसून ही यादी होत नाही. आम्ही एका रविवारी ऊस तुटून गेलेल्या रानात रोटाव्हेटर नेला आणि दिवसभर नुसतं पाहत बसलो. दुसऱ्याच फेरीत रोटरला पाचट गुंडाळलं. ड्रायव्हर उतरला, इंजिन चालूच, अवजार हायड्रॉलिकवर उचललेलं, मागचा पत्रा एका हाताने वर धरला आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन वाकला. त्याला विचारलं, पीटीओ काढलाय का? "काढलाय की." लिव्हर पाहिला तर काढलेला होता खरा. पण वरचं अवजार फक्त तेलाच्या दाबावर उभं होतं आणि मागचा पत्रा त्याच्या मनगटावर.

त्या एका मिनिटातून आमच्या तक्त्याच्या चार ओळी निघाल्या. मागच्या पत्र्याला वर अडकवून ठेवणारा खटका हवा. तो आम्ही बसवला, खर्च किरकोळ. उचललेल्या अवजाराखाली जाण्याआधी आधार लावायला जागा हवी. रोटर अडकला तर तो कसा मोकळा करायचा, हे सूचनापुस्तकात क्रमवार हवं, कारण निर्देश तशी सूचना मागतोच. आणि इंजिन बंद, किल्ली खिशात, हे चित्राने दाखवणारं चिन्ह तिथेच पत्र्यावर हवं. युरोपात पाचट नसेल, पण गव्हाचं काड आहे, गठ्ठ्यांची सुतळी आहे. माणूस तिथेही वाकणारच. 'अपेक्षित गैरवापर' असा शब्द कायद्यात आहे: माणूस सहज करील अशी चूक तुम्ही आधीच धरून चालायची. ड्रायव्हरने पुस्तक वाचलं नाही, ही सबब तिथे चालत नाही.

मानकं विकत घ्या. ती महाग वाटतात, पण एका मशिनच्या रिजेक्शनपेक्षा स्वस्त पडतात. शेतीयंत्रांसाठी ईएन आयएसओ ४२५४ ही मालिका आहे: भाग १ सर्वांसाठी, भाग ५ पीटीओवर चालणाऱ्या मशागतीच्या यंत्रांसाठी, भाग ६ फवारणीसाठी, भाग १२ गवत कापणाऱ्या डिस्क आणि फ्लेल मोअरसाठी. ही मानकं सक्तीची नाहीत. पण युरोपीय संघाच्या राजपत्रात नोंदलेलं मानक पाळलं की त्यात जेवढे धोके येतात तेवढ्यापुरतं तुमचं मशिन कायद्यात बसतं असं गृहीत धरतात. राजपत्रात कुठल्या सालची आवृत्ती नोंदली आहे ते मात्र पाहून घ्या.

वर्कशॉपमध्ये काय बदलावं लागतं

स्थिर गार्ड हत्याराशिवाय उघडता कामा नये. म्हणजे विंग नट बाद. आणि गार्ड काढल्यावर त्याचे बोल्ट गार्डला किंवा मशिनला अडकूनच राहिले पाहिजेत. आमच्या फोरमनला यामागचं कारण पटायला वेळ लागला. मग त्यालाच विचारलं, सर्व्हिसला आलेल्या मशिनच्या कव्हरला सहापैकी किती बोल्ट असतात? तो हसला. दोन. बाकीचे मातीत. म्हणून बोल्टच्या मानेवर सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), किंवा तसाच दुसरा जुगाड. बोल्ट सैल होतो पण पडत नाही. शिवाय जमेल तिथे गार्ड असा हवा की बोल्ट लावले नाहीत तर तो जागेवर राहणारच नाही. नुसता टेकवून ठेवलेला गार्ड लावल्यासारखा दिसतो, धोका तिथेच आहे.

श्रेडरच्या बेल्टवर जाळी बसवत असाल तर ईएन आयएसओ १३८५७ मधला तक्ता भिंतीवर लावा. जाळीचं भोक जितकं मोठं, तितकी ती फिरत्या भागापासून लांब हवी. २५ मिलिमीटरची चौकोनी जाळी असेल तर निदान १२० मिलिमीटर अंतर. ५० मिलिमीटरची असेल तर ८५०, कारण त्यातून अख्खा हात खांद्यापर्यंत जातो. आणि २५ मिलिमीटर रुंदीची लांबट फट असली तरी ८५०च. बाजारात मिळाली ती जाळी आणून वेल्ड केली, हे इथे उघडं पडतं.

अवजार सोडून ठेवल्यावर ते लवंडू नये म्हणून स्टँड, क्रेनने उचलायच्या जागा खुणेसह, चेन केसमधलं तेल ओतताना हात कुठे जातो, या बाबी लहान वाटतात. तपासणारा त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

शाफ्ट

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सदऱ्याची बाही किंवा ओढणीचं टोक त्यात सापडलं तर माणूस ओरडेपर्यंत सगळं झालेलं असतं. आपल्या भागात गार्ड तुटलेले शाफ्ट सर्रास फिरतात. "काढून टाकलाय, ग्रीस मारायला अडचण होते" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय.

युरोपला मशिन पाठवताना शाफ्ट स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. सीई असलेला तयार शाफ्ट घ्या आणि त्याचं स्वतःचं घोषणापत्र आणि सूचनापुस्तक पुरवठादाराकडून मागून फाइलला लावा. आज शाफ्ट बनवणाऱ्याला राजपत्रात नोंदलेलं मानक पूर्ण पाळून स्वतःच्या सहीवर काम भागवता येतं. २० जानेवारी २०२७ नंतर नव्या नियमनात शाफ्ट आणि त्याचे गार्ड अशा यादीत आहेत की अधिसूचित संस्थेची तपासणी चुकत नाही. तेव्हा पुरवठादाराला आत्ताच विचारून ठेवा, त्याची तयारी कुठवर आली आहे.

तुमच्या बाजूने तीन गोष्टी लागतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती चेसिसला पक्कं बसवलेलं संरक्षक कवच हवं, आणि पीटीओ शाफ्टचा गार्ड त्याच्यात निदान ५० मिलिमीटर आत गेला पाहिजे. मध्ये बोटभर फट राहिली तरी ती फटच पकडते. दुसरं, शाफ्टचा बाहेरचा गार्ड शाफ्टबरोबर फिरता कामा नये; त्यासाठीची साखळी अडकवायला जागा द्या. तिसरं, ट्रॅक्टर सोडल्यावर शाफ्ट टेकवून ठेवायला अवजारावर हूक किंवा खोबण द्या, नाहीतर तो मातीत पडतो आणि गार्ड पहिल्याच हंगामात फुटतो.

प्लेट

आमचं पहिलं प्लेटचं डिझाइन सुंदर होतं. कंपनीचं नाव धातूच्या प्लेटवर कोरलेलं, आणि खाली सीईचं चकचकीत स्टिकर. गिऱ्हाइकाने दोन आक्षेप काढले. प्रेशरने धुतल्यावर स्टिकरचा कोपरा उचलला, हा एक. दुसरा आम्हाला माहीतच नव्हता: सीई खूण उत्पादकाच्या नावाच्या अगदी जवळ आणि त्याच तंत्राने लावलेली हवी. नाव कोरलेलं असेल तर खूणही कोरलेली.

प्लेटवर हवं ते असं: उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता (नुसती वेबसाइट नाही, एमआयडीसीतला प्लॉट नंबर, पिनकोड, देश सगळं), मशिनचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर, बांधणीचं वर्ष आणि सीई. शेतातल्या अवजाराला वजनही किलोमध्ये लिहा. सीई खुणेच्या अक्षरांची उंची ५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. खुणेचा आकार ठरलेला आहे, इंग्रजी ईची मधली रेघ किंचित आखूड असते. साध्या फॉन्टमध्ये दोन अक्षरं टाइप करून ती होत नाही. आराखडा युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, तोच कोरणाऱ्याला द्या.

बांधणीचं वर्ष म्हणजे मशिन पूर्ण झालं ते वर्ष. डिसेंबरात बनलेल्या मशिनवर 'नवीन दिसावं' म्हणून पुढचं साल टाकणं कायद्यानेच बंद आहे. मागचंही टाकता येत नाही.

इशाऱ्याची चिन्हं आयएसओ ११६८४ प्रमाणे करा. दोन चौकटींचं चित्र घ्या: एकीत धोका, दुसरीत टाळायचा उपाय, शब्द नाहीत. पोलंडला पाठवा की पोर्तुगालला, प्लेट बदलावी लागत नाही.

सूचनापुस्तक

ज्या देशात मशिन विकलं जाणार त्या देशाच्या भाषेत सूचनापुस्तक मशिनबरोबरच गेलं पाहिजे. तुम्ही ज्या भाषेच्या प्रतीची जबाबदारी घेता तिच्यावर 'मूळ सूचना' असं छापायचं, बाकीच्यांवर 'मूळ सूचनांचा अनुवाद'. भाषांतर मशिनला करायला सांगितलं तर शेतीची यंत्रं कळणाऱ्या माणसाकडून ते वाचून घ्या. आमच्या एका अनुवादात शिअर बोल्टचं (जास्त ताण आला की आधी तुटून बाकीचं मशिन वाचवणाऱ्या बोल्टचं) काहीतरी भलतंच झालं होतं.

आवाज मोजा. चालवणाऱ्याच्या जागी ७० डेसिबलच्या वर गेला तर आकडा पुस्तकात लिहायचा, खाली असेल तर तसंही लिहायचं. ८० च्या वर असेल तर ध्वनिशक्तीचाही आकडा द्यायचा. विक्रीच्या पत्रकात सुरक्षेबद्दल पुस्तकाच्या विरुद्ध काही नको. 'एका माणसाने सहज उचला' असं पत्रकात आणि 'दोन माणसं लागतात' असं पुस्तकात, हे प्रत्यक्षात घडतं.

फाइल

ड्रॉइंग, धोक्यांचा तक्ता, पाळलेल्या मानकांची यादी, चाचण्यांचे अहवाल, सूचनापुस्तक, शाफ्टसारख्या विकतच्या भागांची घोषणापत्रं, आणि सगळी मशिनं सारखीच बनतील याची वर्कशॉपमधली व्यवस्था. शेवटचं मशिन बनल्यापासून १० वर्षं ही फाइल सांभाळायची. ती युरोपात ठेवायची गरज नाही, मागितल्यावर योग्य वेळेत गोळा करून देता आली पाहिजे. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी शेतीयंत्र चाचणी संस्थेचा अहवाल असेल तर जरूर लावा, पण त्याच्या जोरावर सीई मिळाली असं कुणाला सांगू नका.

फाइल मरते ती खरेदी विभागात. पत्रा स्वस्त मिळाला म्हणून जाडी बदलली, पात्यांचा पुरवठादार बदलला, आणि ड्रॉइंग जुनंच. बदल झाला की फाइलमध्ये तारखेसह एक ओळ, हा नियम सगळ्यांना लावा, मालकालाही.

घोषणापत्र आणि युरोपातला पत्ता

घोषणापत्र एक पानाचं. टाइप केलेलं हवं, हातानेच लिहायचं तर मोठ्या अक्षरांत. त्यात उत्पादक, मशिन, सीरियल नंबर, निर्देशाचं नाव, मानकं, ठिकाण, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. आणि तांत्रिक फाइल गोळा करून देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचं नाव आणि पत्ता, जो युरोपीय संघातलाच असावा लागतो. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. आयातदार तयार असेल तर त्याच्याशी लेखी करार करा, नाहीतर अधिकृत प्रतिनिधी नेमा. तोंडी 'चालेल' यावर नाव छापू नका. पुढे त्यानेच हात वर केले तर कागद खोटा ठरतो. १६ जुलै २०२१ पासून बाजार-देखरेखीच्या नियमनानेही युरोपात असा जबाबदार पत्ता सक्तीचा केला आहे आणि तो मालावर, पॅकिंगवर किंवा सोबतच्या कागदांवर दिसावा लागतो.

घोषणापत्रही गिऱ्हाइकाच्या देशाच्या भाषेत लागतं. खूण लावायची ती या सहीनंतर, आधी नाही.

आता भिंतीवरची तारीख. २० जानेवारी २०२७ नंतर युरोपच्या बाजारात पहिल्यांदा येणाऱ्या मशिनला नवं नियमन लागू होईल. इथे वर्कशॉपमधून मशिन कधी निघालं ते धरत नाहीत. म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये बनलेला रोटाव्हेटर बोटीवरच असताना तारीख उलटली, तर प्लेटवर साल २०२६ राहील, पण घोषणापत्रात जुन्या निर्देशाऐवजी नव्या नियमनाचा क्रमांक लागेल आणि शाफ्टचा कागदही नव्या पद्धतीचा लागेल. त्या हिवाळ्यातल्या ऑर्डरी घेताना न्हावा शेवातून बोट कधी सुटते याची चौकशी आधी करा, आणि शाफ्टवाल्याला फोन त्याच्याही आधी.